वय ३६, ईसीजी नॉर्मल, दिवसाला पाच-सहा सिगारेटी: हृदयविकाराचा धोका कितपत समजावा?

अंबडचा फिटर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात आहे आणि सिडकोत राहतो. वय ३६. गेल्या महिन्यात आमच्या विभागातील माझ्याच वयाचा एक सहकारी तिसऱ्या पाळीत, पहाटे चारच्या सुमारास, छातीत जळजळ होते आहे असे सांगून कॅन्टीनच्या बाकावर जाऊन बसला. कोणी त्याला ॲसिडिटीची गोळी दिली, कोणी थंड दूध आणून दिले. पाऊण तासाने तो बसल्या जागीच कोसळला आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सर्व संपले होते. त्याच्या नावावर काढलेली पाने-मल्टिमीटरची हत्यारपेटी दुसऱ्या दिवशी मीच स्टोअरमध्ये जमा केली. त्या पेटीत सिगारेटचे अर्धे पाकीट होते. माझीही सिगारेट तीच, आणि आम्ही दोघे एकाच टपरीवरून घेत असू.

तेव्हापासून झोप लागत नाही. मी बारा-तेरा वर्षांपासून दिवसाला पाच-सहा सिगारेटी ओढतो. कारखान्याच्या आवारात धूम्रपानास बंदी असल्याने पाळीत दोन-तीन वेळा तंबाखूची चिमूट लावतो. दारू क्वचित घेतो. वजन ७४ किलो आहे, पण पोट सुटलेले आहे. वडिलांना वयाच्या ४९ व्या वर्षी झटका आला होता. अँजिओप्लास्टी झाली आणि आज ते व्यवस्थित आहेत. कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझा ईसीजी नॉर्मल आला, दोन वर्षांपूर्वीची टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) नॉर्मल होती, साखर ठीक आहे आणि कोलेस्टेरॉल 'थोडे जास्त' असल्याचे सांगण्यात आले.

घरच्यांचे म्हणणे असे, की तपासण्या चांगल्या आहेत, मग उगाच घाबरू नये. मला जाणून घ्यायचे आहे, की या तपासण्यांवर विसंबून राहावे का, आणि पाच-सहा सिगारेटींवरून दोन-तीनवर आलो तर धोका निम्मा होईल का. कृपया धीर देण्यासाठी म्हणून नव्हे, तर खरे असेल तेच सांगावे.

गोदाकाठचा वैद्य

आपल्या सहकाऱ्याबद्दल वाचून फार वाईट वाटले. मी नाशिकमध्ये फिजिशियन म्हणून काम करतो आणि तिशी-पस्तिशीतील झटक्याचे रुग्ण मला आता नवीन राहिलेले नाहीत. आपण खरे विचारले आहे, म्हणून सरळ सांगतो: ईसीजी आणि टीएमटी नॉर्मल असणे चांगलेच आहे, परंतु त्यावरून आपण सुरक्षित आहात असा निष्कर्ष काढता येत नाही.

आपण देखभालीच्या कामात आहात. पाण्याच्या पाइपात वर्षानुवर्षे क्षार साचतो, पाइप अरुंद होत जातो आणि शेवटी तुंबतो, हे आपण पाहिलेले असणार. हृदयाच्या रक्तवाहिनीचेही असेच होते, असे बहुतेकांना वाटते. टीएमटी शोधते तो हा अरुंदपणा, आणि तोसुद्धा वाहिनी साधारण सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक अरुंद झाली असेल तरच बऱ्यापैकी भरवशाने. तरुण वयातील झटक्याची गोष्ट पुष्कळदा वेगळी असते. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा लहानसा थर असतो, तो प्रवाहाला फारसा अडवत नाही, जिने चढताना धाप लागत नाही, टीएमटीच्या पट्ट्यावर माणूस सहज चालतो. एखाद्या दिवशी त्या थरावरचे पातळ आवरण फाटते किंवा वाहिनीचे आतले अस्तर सोलले जाते. शरीराला ती जखम वाटते, रक्तातील प्लेटलेट तेथे गोळा होतात, आणि आदल्या दिवशी मोकळी असलेली वाहिनी गुठळीने काही मिनिटांत बंद होते. विश्रांतीतला ईसीजी तर फक्त त्या क्षणाचे हृदय दाखवतो.

धूम्रपान हे या दोन्ही टप्प्यांवर काम करते. धुरामुळे वाहिनीच्या अस्तराला इजा होते, वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, रक्तातले चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि थर वाढत जातो; हे झाले वर्षांचे काम. त्याचबरोबर प्लेटलेट चिकट होतात, निकोटिनमुळे नाडी आणि रक्तदाब वाढतो, वाहिनी आवळली जाते, आणि कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला धरून बसल्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते. हे झाले मिनिटांचे काम. म्हणूनच तरुण रुग्णांमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण इतके मोठे दिसते.

आता 'पाच-सहाच' आणि 'दोन-तीनवर आलो तर' याविषयी. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढलेल्या सिगारेटींच्या संख्येबरोबर वाढत जातो. हृदयाचे तसे नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळजवळ निम्मा वाटा दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्याच्याही पदरी येतो, असे त्यात आढळले. त्यामुळे सहावरून दोनवर आल्याने आपला धोका निम्मा होणार नाही. कमी करणे ही सोडण्याकडे जाणारी पायरी असेल तर ठीक; तेथेच थांबायचे असेल तर त्यावर समाधान मानू नका.

तंबाखूच्या चिमटीचाही हिशोब करा. ५२ देशांतील सुमारे तीस हजार लोकांचा समावेश असलेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्यांत पहिल्या झटक्याचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला आणि हा परिणाम तरुणांत अधिक तीव्र होता. विडी सिगारेटहून सौम्य नाही, आणि चघळण्याच्या तंबाखूनेही धोका दुपटीहून अधिक होतो, असे त्याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणात दिसले. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, तर इतर देशांतील लोकांना जवळपास ५९ व्या वर्षी. आपल्याकडे हा आजार पाच-सहा वर्षे आधी येतो, आणि त्याची बरीचशी कारणे तंबाखू, बिघडलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह, रक्तदाब आणि पोटाचा घेर हीच आहेत.

आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वडिलांचे वय. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत झटका आला असेल, तर तो आनुवंशिक धोका धरला जातो. आणि हे धोके एकमेकांचे बळ वाढवणारे असतात, त्यांची नुसती बेरीज होत नाही.

'थोडे जास्त' यावर विसंबू नका. उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, करून एलडीएलचा (वाईट कोलेस्टेरॉलचा) आकडा वहीत लिहून ठेवा. तो १९० च्या वर असेल तर कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो. लायपोप्रोटीन-ए या रक्तातील चरबीवाहक कणाची तपासणी आयुष्यात एकदा जरूर करा. ते आनुवंशिक असते, नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते, आणि ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असल्यास बाकीचे सर्व धोके अधिक काटेकोरपणे आवरावे लागतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजा. आपल्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे, म्हणजे ७४ किलो वजन असूनही आपण तिच्या पलीकडे असू शकता. रक्तदाब पाळी संपल्यावर धावत येऊन न मोजता पाच मिनिटे शांत बसून मोजा. कोलेस्टेरॉलची गोळी लागेल की नाही हे आपला डॉक्टर या आकड्यांवरून ठरवील. रोज ॲस्पिरिन घेणे मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पिंपळगावचा बागायतदार

डॉक्टरसाहेबांनी कारणे सांगितली आहेत. मी ज्यातून गेलो ते सांगतो. माझे वय आज ३८ आहे. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत, सकाळी सात वाजता बागेत असताना मला झटका आला.

चित्रपटात दाखवतात तशी छातीला धरून कोसळण्याची वेळ माझ्यावर आली नाही. आधी खालच्या जबड्यात दुखू लागले, जणू अक्कलदाढ ठणकते आहे. मग छातीच्या मधोमध कोणी पोत्यावर पोते रचावे तसा दाब आला आणि डाव्या हाताची आतली बाजू कोपरापर्यंत बधिर झाली. घाम इतका आला, की हातातील कात्री निसटू लागली, आणि सकाळ तर गार होती. रात्री मिसळ खाल्ली होती म्हणून मी पित्त समजलो. बांधावर बसून सोडा प्यायलो, उलटी झाली तेव्हा बरेच वाटले, आणि पित्तच होते अशी माझी खात्री पटली. दोन तास असेच घालवले. शेवटी स्वतः मोटारसायकल चालवत गावातील डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी काढला, माझ्याकडे न पाहता आधी कंपाउंडरला हाक मारली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी ॲस्पिरिनची गोळी चावून खायला लावली. पुढे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन मिळाले, मग रुग्णवाहिकेने नाशिकला नेऊन स्टेंट बसवला.

जीव वाचला, पण हृदयाची पंपिंग ४० टक्क्यांवर आली. निरोगी माणसाची ती ५५ ते ७० टक्के असते. हृदयाचा जो स्नायू त्या दोन तासांत रक्तावाचून मेला, तो परत आलेला नाही. पूर्वी मी औषधाचा पंप पाठीवर घेऊन अर्धा एकर फवारत असे. आज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो तरी मध्ये एकदा थांबतो.

मी विड्या ओढत होतो, दिवसाला आठ-दहा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून. विडीत पानच असते, कागद नसतो, म्हणून ती सिगारेटइतकी वाईट नाही, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि मीही तेच म्हणत असे. रुग्णालयात केलेल्या तपासणीत लायपोप्रोटीन-ए बरेच वाढलेले निघाले. धाकट्या भावाचीही तपासणी केली, त्याचेही तसेच आहे. तो ३१ वर्षांचा आहे आणि त्याने त्याच दिवशी विडी सोडली. आपल्या भावांना, चुलतभावांना ही तपासणी करायला लावा, एवढी हात जोडून विनंती आहे.

पंचवटीकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या गल्लीत सगळे म्हणतात, की तरुण मुले दगावतात ती कोविडच्या लसीमुळे. यात तथ्य आहे का?

गोदाकाठचा वैद्य

हा प्रश्न मला दवाखान्यात जवळजवळ रोज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या शर्टच्या खिशात पुष्कळदा सिगारेटचे पाकीट दिसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांतून माहिती घेऊन १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध केला. लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या: कुटुंबात अचानक मृत्यूचा इतिहास, कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, धूम्रपान, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत अतोनात मद्यपान, आणि त्याच काळात केलेला अतिश्रमाचा व्यायाम. जिममध्ये लवकर शरीर कमावण्यासाठी स्टिरॉइडची इंजेक्शने घेणाऱ्या मुलांनीही सावध व्हावे, कारण त्या इंजेक्शनांमुळे कोलेस्टेरॉल बिघडते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते.

सिन्नरची लेक

येथे सर्व पुरुषच बोलत आहेत, म्हणून लिहिते. माझी आई सिन्नरला विड्या वळत असे आणि सकाळी दातांना मिश्री लावत असे. तिचे पाहून माझ्या थोरल्या बहिणीलाही मिश्रीची सवय लागली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, परंतु बायका त्याला व्यसन म्हणत नाहीत, दात घासणे म्हणतात, आणि डॉक्टरांनी 'तंबाखू खाता का' असे विचारले तर मनापासून 'नाही' असे उत्तर देतात.

बहिणीला ४१ व्या वर्षी झटका आला. तिच्या छातीत फारसे दुखले नाही. दोन दिवस दम लागत होता, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये भरून आल्यासारखे वाटत होते, मळमळत होते. ज्या दवाखान्यात आधी नेले तेथे गॅस आणि अशक्तपणा सांगून सलाईन लावून घरी पाठवले, ईसीजी काढलाच नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिला गरोदरपणातील मधुमेह झाला होता, ही गोष्टही हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाची असते, हे आम्हाला नंतर कळले. ती वाचली. ज्या घरात बाईला असा त्रास होतो, त्या घराने स्वतःहून 'ईसीजी काढा' असे म्हणावे. त्यात संकोच बाळगू नये.

तंबाखूमुक्ती समुपदेशक, नाशिक रोड

फिटरदादा, आपली सिगारेट कधी आणि कोठे पेटते, ते चार दिवस लिहून काढा. माझ्याकडे येणाऱ्या कामगारांपैकी बहुतेकांची ती चहाबरोबर पेटते. टपरीवर कटिंग हातात आला, की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो. महाराष्ट्रात २०२० सालापासून सुटी सिगारेट आणि विडी विकण्यास बंदी आहे, पण टपऱ्यांवर काय चालते ते आपण पाहतोच. म्हणून पहिले काही आठवडे चहा टपरीवर न घेता कॅन्टीनमध्ये घ्या. मित्र तुटत नाहीत.

सोडण्याची एक तारीख ठरवा आणि त्या दिवशी सिगारेट आणि तंबाखू दोन्ही एकदम सोडा. सिगारेट बंद करून तंबाखूची चिमूट वाढवणारे मी फार पाहिले आहेत. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात: चिडचिड, डोके जड होणे, झोपेचा बिघाड. हे दोन ते चार आठवड्यांत ओसरते. तलफेची प्रत्येक लाट काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढता आला पाहिजे.

निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ते चुकीच्या पद्धतीने वापरून 'काही उपयोग झाला नाही' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते साध्या गमसारखे सतत चघळायचे नसते. जिभेला झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचे, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. त्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी घेऊ नये, कारण मग निकोटिन नीट शोषले जात नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यासारख्या गोळ्याही आहेत. शासनाची १८००-११-२३५६ ही क्विटलाइन मोफत आहे, पाकिटावरच छापलेली असते. धूम्रपान थांबवल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. आपल्याला धोका निम्मा करायचा होता ना, त्याचा मार्ग हा आहे.

अंबडचा फिटर

आपण सर्वांनी इतक्या कळकळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. एलडीएल १६८ आले, एचबीए१सी ५.९, पोटाचा घेर ९७ सेंटिमीटर, रक्तदाब १४२/९०. लायपोप्रोटीन-एचा अहवाल यायचा आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली असून रक्तदाब महिनाभर घरी मोजून वहीत लिहायला सांगितला आहे. धाकट्या भावालाही तपासणीस नेले.

आमच्या सुरक्षा समितीपुढे मी विषय मांडला. कॅन्टीनमधील प्रथमोपचार पेटीत ॲस्पिरिन ठेवले आहे, आणि पेटीच्या झाकणावर १०८ क्रमांकासह सूचना चिकटवली आहे: छातीत, जबड्यात किंवा हातात दुखून घाम येत असेल, तर आधी रुग्णवाहिका बोलवावी, माणसाला एकटे सोडू नये आणि त्याला गाडी चालवू देऊ नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास असणाऱ्याला ती गोळी देऊ नये, हेही डॉक्टरांना विचारून लिहिले आहे. तो ज्या बाकावर बसला होता, त्याच्या बरोबर वर ही पेटी आहे.

सिगारेट आणि तंबाखू सोडून आज अकरावा दिवस आहे. दिवसा निभावते. तिसऱ्या पाळीत पहाटे तीन ते चार ही वेळ मात्र फार जड जाते, कारण त्याच वेळी आम्ही दोघे गेटबाहेर जात असू. त्या तासाला कोणी काय केले, ते कृपया सांगावे.

पिंपळगावचा बागायतदार

दादा, माझीही तीच वेळ कठीण होती, कारण पहाटे वीज आली की मोटार सुरू करायला मी उठत असे आणि पहिली विडी विहिरीवरच पेटत असे. मी खिशात लवंग आणि भाजलेली बडीशेप ठेवू लागलो, आणि विहिरीवर जाताना धाकट्या भावाला फोन लावू लागलो. तो झोपेतूनच 'हं, हं' करत असे. दोन महिने त्याने एकदाही फोन उचलला नाही असे झाले नाही. आपल्याकडे त्या वेळी कोणी जागे नसेल, तर समुपदेशकांना विचारून माझा नंबर घ्या. मी साडेतीनला उठलेलाच असतो.